स्मृतिशिळांचा जीर्णोद्धार आणि इतिहासाचा पुरावा

१

हस्तलिखितांच्या संशोधनात एक नियम सर्वमान्य आहे. कर्त्याच्या हातची मूळ प्रत उपलब्ध नसेल तर उपलब्ध प्रतींची वंशावळ लावावयाची, कोणत्या लेखनिकाने कोठे काय बदलले याचा छडा लावावयाचा आणि मगच पाठ निश्चित करावयाचा. लेखनिक प्रामाणिक होता एवढ्यावरून त्याची नक्कल निर्दोष ठरत नाही; पुष्कळदा सुबुद्ध आणि श्रद्धाळू लेखनिकच दुर्बोध शब्दाच्या जागी सुबोध शब्द घालून पाठ बिघडवितो. दगडावरील लेखांच्या बाबतीत मात्र अभ्यासक काहीसे निश्चिंत असतात. कागद बदलतो, दगड बदलत नाही, असा एक समज त्यांच्या मनात दृढ असतो. हा समज ज्या साधनाच्या बाबतीत विशेष फसवा ठरतो ते साधन म्हणजे दफनभूमीतील स्मृतिशिळा; अर्थात् थडग्याच्या उशाशी उभा केलेला लेखयुक्त दगड.

देवळाच्या गाभाऱ्यातील लेखाप्रमाणे स्मृतिशिळेला छप्पर नसते. ऊन, पाऊस, धुके, शेवाळ यांचा मारा ती पिढ्यान्‌पिढ्या सोसते. पण तिच्यावर सर्वांत अधिक हात फिरतो तो माणसांचा. आप्त ती धुतात, धर्मबांधव तिच्यावरील अक्षरे पुन्हा कोरतात, नगरपालिका ती हलवून रांगेत लावते, सरकार ती काढून तिच्या जागी नवी बसविते. यांपैकी प्रत्येक कृत्य सद्धेतूने घडलेले असते, आणि प्रत्येक कृत्यानंतर शिळेवर जे उरते ते मुळात होते तसे राहिलेले नसते. शिळेचे प्रत्येक मार्जन म्हणजे तिच्या पाठाची एक नवी आवृत्ती होय. म्हणून शिळा वाचताना तिच्या डागडुजीचा इतिहासही वाचला पाहिजे, आणि डागडुजी करणाऱ्याने आपण एका ऐतिहासिक लेखाचे संपादन करीत आहोत याची जाणीव ठेवली पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे. ते स्पष्ट करण्यासाठी प्रथम स्कॉटलंडमधील एका प्रसिद्ध उदाहरणाचा विचार करणे सोयीचे होईल. कारण तेथे शिळा, त्या पुन्हा कोरणारा मनुष्य आणि शिळांवरील लेखांचा छापील पाठ अशी तिन्ही साधने उपलब्ध आहेत.

२

इ. स. १६३८ मध्ये स्कॉटलंडमधील प्रेस्बिटेरियन पंथीयांनी एका राष्ट्रीय प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. चर्चच्या कारभारात राजाने ढवळाढवळ करू नये, हा त्या प्रतिज्ञेचा गाभा. ही प्रतिज्ञा पाळणाऱ्यांना ‘कव्हेनंटर’ असे नाव पडले. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर बिशपांची सत्ता पुन्हा लादण्यात आली. तेव्हा या लोकांनी चर्च सोडून डोंगरदऱ्यांत उपासना चालू केली, आणि सरकारने त्यांचा सशस्त्र पाठलाग आरंभिला. १६८० नंतरची काही वर्षे तर स्कॉटिश इतिहासात ‘कत्तलीचा काळ’ म्हणूनच ओळखली जातात. जो जेथे सापडला तो तेथेच मारला गेला आणि बहुधा तेथेच पुरला गेला. १६८८ च्या राज्यक्रांतीनंतर परिस्थिती पालटली. मग पंथातील लोकांनी या विखुरलेल्या थडग्यांवर शिळा उभारण्यास प्रारंभ केला. त्या शिळा श्रीमंतांच्या नव्हेत. खेड्यातील पाथरवटाने स्थानिक दगडावर कोरलेल्या, ओबडधोबड अक्षरांच्या आणि अनियमित वर्णलेखनाच्या अशा त्या शिळा आहेत.

पुढे दोन पिढ्यांत या शिळांवर शेवाळ चढले, अक्षरे झिजली. अशा वेळी रॉबर्ट पॅटर्सन नावाचा एक पाथरवट पुढे आला. त्याचा जन्म १७१५ च्या सुमारास हॉइकजवळ झाला होता. डम्फ्रीसशायर परगण्यात त्याने दगडाची एक खाण खंडाने घेतली होती. बायको होती, मुले होती. कव्हेनंटर परंपरा निष्ठेने सांभाळणाऱ्या एका कडव्या उपपंथाचा तो अनुयायी होता. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर तो घराबाहेर अधिकाधिक काळ राहू लागला आणि शेवटी घर सोडल्यासारखाच झाला. बायकोने मुलांना घेऊन गॅलोवेमधील बॅलमॅक्लेलन या गावी बिऱ्हाड हलविले. पॅटर्सन मात्र एका म्हाताऱ्या तट्टावर हातोडा, छिन्नी आदी हत्यारे लादून गावोगावच्या दफनभूमी आणि उजाड माळ धुंडाळीत हिंडत राहिला. शेवाळ खरवडावे, झिजलेली अक्षरे पुन्हा खोल करावी, पडलेली शिळा उभी करावी, आणि पुढे जावे. मोबदला त्याने मागितला नाही. सुमारे चाळीस वर्षे हा क्रम चालला. १८०१ मध्ये कॅर्लाव्हरॉकच्या परिसरात, अशाच एका भ्रमंतीत त्याला मृत्यू आला.

वॉल्टर स्कॉट याने १७९३ च्या सुमारास डनॉटरच्या चर्चच्या आवारात त्याला काम करताना पाहिले होते. १८१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ओल्ड मॉर्टॅलिटी’ या कादंबरीला स्कॉटने याच पाथरवटाचे टोपणनाव दिले, आणि पॅटर्सन जगप्रसिद्ध झाला. गंमत अशी की, इतरांची थडगी सांभाळणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या थडग्यावर शिळा नव्हती. त्याची जागा शोधण्याचा स्कॉटचा प्रयत्न निष्फळ ठरला, आणि अखेर १८६९ मध्ये स्कॉटच्या ग्रंथांच्या प्रकाशकांनी कॅर्लाव्हरॉकच्या आवारात त्याच्या नावाची शिळा बसविली. फिलाडेल्फिया येथे १८३६ मध्ये स्थापन झालेल्या लॉरेल हिल या दफनभूमीच्या प्रवेशद्वाराशी तर शिल्पकार जेम्स थॉम याने घडविलेला पॅटर्सन, त्याचे तट्टू व स्कॉट यांचा शिल्पसमूह उभा आहे. जीर्ण स्मृतिशिळांचा सांभाळ करणारा पुरुष म्हणून पाश्चात्य जगाने ज्याला आदर्श मानले तो हा होय.

३

या आदर्शाचे ऐतिहासिक मूल्यमापन दोन बाजूंनी करावे लागते. पॅटर्सन नसता तर कित्येक शिळांवरील नावे पूर्णपणे पुसली गेली असती, याविषयी दुमत संभवत नाही. परंतु पुन्हा कोरलेल्या अक्षराचे स्वरूप काय? पाथरवट झिजलेल्या रेषेत छिन्नी घालतो तेव्हा जुन्या रेषेचा तळ नाहीसा होतो. मूळ कारागिराने छिन्नी कोणत्या कोनात धरली, अक्षराला कोणती वळणे दिली, ओळ आखून घेतली होती की नाही, या सर्व खुणा त्या तळाशी असतात. पुनर्कोरणानंतर अर्थ राहतो, हस्ताक्षर जाते. शिवाय जेथे अक्षर निम्मे झिजलेले असते तेथे पाथरवटाला वाचन करावे लागते, आणि वाचन म्हणजे अनुमान. ३ आणि ८, १ आणि ७ यांतील भेद झिजलेल्या वालुकाश्मावर केवढा सूक्ष्म असतो हे शिलालेखांचे ठसे घेणाऱ्यांना ठाऊक आहे. अनुमान चुकले तर चूक कायमची कोरली जाते, आणि मूळ अक्षरापेक्षा अधिक ठळक असल्यामुळे अधिक विश्वसनीय वाटते.

सुदैवाने येथे एक बाह्य साधन उपलब्ध आहे. १७१४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘ए क्लाउड ऑफ विटनेसेस’ या कव्हेनंटर हुतात्म्यांच्या स्मरणग्रंथात थडग्यांवरील लेखही संगृहीत केलेले आहेत. हा संग्रह पॅटर्सनच्या जन्माच्या आगेमागेचा, म्हणजे त्याच्या छिन्नीपूर्वीचा. तेव्हा शिळेवरील आजचा पाठ व हा छापील पाठ समोरासमोर ठेवता येतात. मात्र येथेही सावधगिरी हवी. छापणाऱ्याने वर्णलेखन सुधारून घेतले असण्याचा संभव असतो; उलट पुनर्कोरण करणाऱ्यानेच छापील पुस्तक हाताशी ठेवून अक्षरे भरली असण्याचाही संभव असतो. दुसऱ्या प्रसंगी शिळा व पुस्तक यांचा मेळ बसला तरी तो दोन स्वतंत्र साक्षींचा मेळ ठरत नाही. त्यात आणखी एक अडचण अशी की, लोकपरंपरा पुन्हा कोरलेल्या अनेक शिळा पॅटर्सनच्याच नावावर घालते. म्हणजे जीर्णोद्धार करणाराही हळूहळू दंतकथेचा विषय होतो आणि त्याच्या कामाची नोंद नसल्यामुळे त्याचा हात कोठे व दुसऱ्याचा कोठे हे सांगणे दुष्कर होते.

एडिंबरो येथील ग्रेफ्रायर्सच्या आवारातील हुतात्मा-स्मारक हे याच काळातील दुसऱ्या पद्धतीचे उदाहरण आहे. ते १७०६ मध्ये प्रथम उभारले गेले आणि १७७१ मध्ये त्याच्या जागी नवे स्मारक बांधण्यात आले. जुनी शिळा फोडून टाकण्यात आली नाही, हे महत्त्वाचे. नवे स्मारक उपासकांसाठी जागेवर उभे आहे आणि जुनी शिळा अभ्यासकांसाठी एडिंबरोच्या संग्रहालयात आहे. श्रद्धेची गरज आणि पुराव्याची गरज या दोन निरनिराळ्या गोष्टी असून त्या निरनिराळ्या मार्गांनी भागविता येतात, हा धडा येथे मिळतो.

डनॉटरच्या शिळेचा उल्लेख मुद्दाम राखून ठेवला आहे. १६८५ मध्ये डनॉटरच्या किल्ल्यात १६७ कव्हेनंटर स्त्रीपुरुषांना कोंडून ठेवले होते. त्यांपैकी जे मेले त्यांच्यातील काहींच्या स्मरणार्थ चर्चच्या आवारात शिळा आहे. तिच्यावर पाच पुरुषांची नावे आहेत. आणि त्याबरोबरच, आणखी एकाचे नाव मिळाले नाही, दोन स्त्रियांची नावेही ठाऊक नाहीत, कडा उतरताना मेलेल्या दोघांपैकी एकाचे नाव अज्ञात आहे, असे तिच्यावर स्पष्ट कोरलेले आहे. शिळा उभारणाऱ्यांनी अज्ञान झाकले नाही. ते दगडावर नोंदवून ठेवले. ऐतिहासिक प्रामाणिकपणाचा असा नमुना विद्वानांच्या ग्रंथांतही क्वचित् आढळतो. पॅटर्सन स्कॉटला भेटला तो याच आवारात.

४

एकोणिसाव्या शतकात शिळेकडे पाहण्याची दृष्टी बदलली. जॉन रस्किन याने १८४९ मध्ये वास्तुकलेवरील आपल्या ग्रंथात जीर्णोद्धार म्हणजे वास्तूचा संपूर्ण नाश होय अशी टोकाची भूमिका घेतली. विल्यम मॉरिस याने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. जुन्या भिंती खरवडून नव्या करण्याच्या प्रघाताला तिचा विरोध होता, म्हणून तिला ‘खरवडविरोधी’ या अर्थाचे टोपणनाव मिळाले. या चळवळीचा रोख मुख्यतः चर्चच्या इमारतींवर होता. पण दगडाचा पृष्ठभाग हाच त्याचा इतिहास होय, हा तिचा सिद्धान्त स्मृतिशिळेला तंतोतंत लागू पडतो.

याच सुमारास भूविज्ञानानेही दफनभूमीत प्रवेश केला. आर्चिबाल्ड गीकी या स्कॉटिश भूवैज्ञानिकाने १८८० मध्ये एडिंबरोच्या दफनभूमींतील दगडांच्या झिजेवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याची युक्ती साधी व मार्मिक होती. डोंगरातील खडक किती काळात किती झिजतो हे सांगणे कठीण. पण स्मृतिशिळेवर वर्ष कोरलेले असते. शिळा म्हणजे तारीख घातलेला खडकाचा नमुनाच. त्याला आढळले की, संगमरवराचा पृष्ठभाग आधी विरघळतो, मग त्याचे कण आतून सुटे होतात, आणि शेवटी पाटी फुगून, वाकून तडकते. एडिंबरोच्या हवेत उघड्यावर ठेवलेला संगमरवर शतकभरही टिकत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. उलट उत्तम प्रतीच्या वालुकाश्मावरील अक्षरे त्याहून जुनी असूनही रेखीव होती. १९५० मध्ये रोलंड बेशेल या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने दगडफुलाच्या वाढीवरून खडकाच्या पृष्ठभागाचे वय ठरविण्याची पद्धत मांडली, तेव्हा वाढीचा वेग मोजण्यासाठी त्यालाही वर्ष कोरलेल्या स्मृतिशिळांचा उपयोग झाला. शिळा स्वच्छ करणाऱ्याला जो मळ वाटतो तो दुसऱ्या शास्त्राचे साधन असू शकतो, हे यावरून ध्यानात येईल.

५

शिळा का बिघडते हे समजल्यावाचून ती कशी स्वच्छ करावी हे कळत नाही. संगमरवर आणि चुनखडक हे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असतात. कोळशाच्या धुरातील गंधकाची संयुगे पावसात मिसळली की या कार्बोनेटचे जिप्सम बनते. पावसाने धुतल्या जाणाऱ्या भागावरील जिप्सम वाहून जाते व अक्षरे उथळ होतात. आडोशाच्या भागावर त्याचे काजळी धरलेले काळे कवच जमते. वालुकाश्माचे कण ज्या द्रव्याने जोडलेले असतात ते विरघळले की पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. असा दगड थरांना समांतर चिरून उभा केलेला असेल तर संपूर्ण लेख एका पापुद्र्याबरोबर गळून पडू शकतो. दगडफुलापासून सुटणारी आम्ले दगड पोखरतात. तथापि घट्ट चिकटलेले दगडफूल ओरबाडल्यास त्याबरोबर दगडाचे कणही निघून येतात.

अशा दगडावर हौशी मनुष्य जे उपाय योजतो ते बहुतेक सर्व घातक असतात. आम्लाने संगमरवर तत्काळ पांढरा दिसतो, कारण मळाखालचा दगडच विरघळतो. वालुकाश्मातील लोह आम्लाने सुटून तांबडे डाग पडतात. क्लोरीनयुक्त विरंजकाने शेवाळ जाते, परंतु मागे राहिलेले क्षार दगडाच्या छिद्रांत शिरतात, तेथे त्यांचे स्फटिक बनतात, आणि त्यांच्या दाबाने पृष्ठभाग फुटतो. तारेचा ब्रश ओरखडे पाडतो. त्याचे तुटलेले तुकडे गंजतात. वाळूचा झोत किंवा जोरदार पाण्याचा झोत यांनी दगडाचे वरचे कवच उडते आणि आतला कच्चा भाग उघडा पडतो. मग शेवाळ पूर्वीपेक्षाही लौकर धरते. मोडलेली शिळा सिमेंटने जोडणे हाही असाच अपाय. सिमेंट दगडापेक्षा कठीण व कमी सच्छिद्र असल्यामुळे ओल दगडातूनच बाहेर पडू पाहते आणि सांध्यालगतचा दगड भुगा होतो. लोखंडी खिळ गंजून फुगते व शिळा आतून चिरते. या सर्व प्रकारांत एक समान गोष्ट दिसते. परिणाम ताबडतोब डोळ्यांत भरतो, आणि हानी दहा-वीस वर्षांनी उघड होते. तोपर्यंत ती कोणाच्या हातून झाली हे सांगणारा कोणी उरत नाही.

६

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर या प्रश्नाला एक नवे परिमाण लाभले. शिळांचा मालक म्हणून राज्यसंस्था पुढे आली. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना १८६२ मध्ये राष्ट्रीय दफनभूमींसाठी कायदा झाला. प्रथम थडग्यांवर लाकडी फळ्या होत्या. त्या कुजू लागल्यामुळे १८७३ मध्ये टिकाऊ दगडाच्या एकाच नमुन्याच्या शिळा बसविण्याचे ठरले. त्यांची रुंदी १० इंच, जाडी ४ इंच आणि जमिनीवरील उंची १२ इंच. वर ढालीची खोलगट आकृती व तीत नाव. ब्रिटिश साम्राज्याने मे १९१७ मध्ये फेबियन वेअर याच्या प्रेरणेने युद्धसमाधी आयोग स्थापन केला. ब्रिटिश म्यूझियमचा संचालक फ्रेडरिक केन्यन याच्या १९१८ च्या अहवालानुसार हुद्दा, वंश, धर्म यांचा भेद न करता सर्वांना एकाच आकाराची शिळा देण्याचे तत्त्व आयोगाने स्वीकारले. ती २ फूट ८ इंच उंच आणि १ फूट ३ इंच रुंद असून पुष्कळ ठिकाणी पोर्टलंडच्या चुनखडकाची आहे.

या शिळा जुन्या होऊ दिल्या जात नाहीत. अक्षरे अस्पष्ट झाली की ती पुन्हा कोरली जातात आणि शिळा फारच झिजली की तिच्या जागी हुबेहूब दुसरी येते. पोर्टलंडच्या दगडाऐवजी बोत्तिचीनो हा अधिक टिकाऊ इटालियन दगडही वापरला जातो. पुरातत्त्वाच्या दृष्टीने हे धक्कादायक वाटेल; पण त्यात एक सुसंगत विचार आहे. आयोगाच्या दृष्टीने मूळ लेख म्हणजे त्याच्या दप्तरातील नोंद. शिळा ही त्या नोंदीची जागेवरील नक्कल. नक्कल खराब झाली तर नवी काढता येते. कव्हेनंटरांच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलट आहे. तेथे दप्तर नाही. शिळा हीच मूळ नोंद. तेव्हा पुनर्कोरण योग्य की अयोग्य, या प्रश्नाला एकच उत्तर संभवत नाही. शिळा मूळ आहे की नक्कल, हे आधी ठरविले पाहिजे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय दफनभूमींत हा भेद पुढे अंधुक होत गेला. शुभ्र, एका रांगेतील शिळा हे तेथील शिस्तीचे दृश्य रूप होते, आणि शुभ्रता टिकविण्यासाठी त्या वारंवार धुतल्या जात. परंतु एकोणिसाव्या शतकातील संगमरवरी शिळा तोपर्यंत स्वतःच ऐतिहासिक वस्तू बनल्या होत्या. म्हणून लुइझियाना राज्यातील नॅकिटोश येथील राष्ट्रीय जतन-तंत्रज्ञान केंद्राने २००४ मध्ये निरनिराळ्या हवामानांतील दफनभूमींत मार्जनद्रव्यांच्या तुलनात्मक चाचण्या हाती घेतल्या. शेवाळ व दगडफूल काढण्यासाठी चतुर्थक अमोनियम संयुगांची सौम्य द्रव्ये सरस ठरली, आणि क्लोरीनयुक्त विरंजके टाळावी अशी शिफारस करण्यात आली. सौम्य द्रव्याचा परिणाम ताबडतोब दिसत नाही; शिळा काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, हळूहळू उजळते. मार्जनात घाई हाच मुख्य दोष होय, ही जुन्या कारागिरांची समजूत प्रयोगांनीही खरी ठरविली.

शिळेचे स्थान हाही पुराव्याचा भाग असतो. बोस्टनच्या जुन्या दफनभूमींत एकोणिसाव्या शतकात टापटिपीसाठी शिळा उपटून सरळ रांगांत लावल्या गेल्या. आज तेथे शिळा आहेत, पण कोणत्या शिळेखाली कोण आहे हे सांगता येत नाही. कुटुंबे कशी शेजारी पुरली जात, दरिद्री माणसाला जागा कोठे मिळे, हे दाखविणारा नकाशाच पुसला गेला. हॅरिएट फोर्ब्स या बाईंनी न्यू इंग्लंडमधील शिळांची छायाचित्रे घेऊन त्या घडविणाऱ्या कारागिरांवर १९२७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. हे काम कोरीव कामातील हात ओळखण्यावर आधारलेले असल्यामुळे, पुन्हा न कोरलेल्या शिळा नसत्या तर ते होऊच शकले नसते.

७

हिंदुस्थानातील युरोपीय दफनभूमींच्या बाबतीत शिळेपेक्षा छापील नोंदीने अधिक काम केले आहे. कलकत्त्यातील साउथ पार्क स्ट्रीटची दफनभूमी १७६७ मध्ये सुरू झाली. तेथील मनोरे आणि घुमट विटांचे व चुन्याच्या गिलाव्याचे असून त्यांत लेखांच्या पाट्या बसविलेल्या आहेत. पावसाळ्यात गिलावा सुटतो, फटीत पिंपळ रुजतो आणि पाटी निखळते. पाटी हरवली तरी लेख पुष्कळ वेळा वाचलेला असतो, याचे श्रेय १८४८ च्या ‘बेंगॉल ऑबिच्युअरी’सारख्या संग्रहास, आणि पुढे सरकारने प्रसिद्ध केलेल्या प्रांतवार सूचींस आहे. बंगालची सी. आर. विल्सन याची सूची १८९६ मधील, मद्रासची जे. जे. कॉटन याची १९०५ मधील, आणि मध्यप्रांत व वऱ्हाडची ओ. एस. क्रॉफ्टन याची १९३२ मधील आहे. नागपूर व विदर्भ यांच्या इतिहासाचे अभ्यासक या शेवटच्या सूचीचा उपयोग करू शकतात. १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या दक्षिण आशियातील दफनभूमींच्या संस्थेनेही शिळा दुरुस्त करण्याइतकेच त्यांची नोंद करण्यास महत्त्व दिले.

परंतु सूचीत लेख येतो, दगड येत नाही. आणि दगडही बोलतो. कलकत्त्यातील सेंट जॉन चर्चच्या आवारात जोब चार्नॉक याची समाधी आहे. तिच्यावरील शिळेचे परीक्षण करून भूवैज्ञानिक टी. एच. हॉलंड याने १८९३ मध्ये निबंध लिहिला. हा दगड बंगालचा नसून मद्रासजवळच्या पल्लावरम येथील खडकाच्या जातीचा आहे असे त्याने दाखविले, आणि पुढे त्या खडकाला ‘चार्नोकाइट’ हे नाव रूढ झाले. कंपनीच्या दोन ठाण्यांमधील दळणवळणाचा हा पुरावा लेखात नाही; तो दगडात आहे. या शिळेवर कोणी रंग चढविला असता किंवा तिच्या जागी सुबक संगमरवर बसविला असता, तर लेखाचा एकही शब्द न बदलता हा पुरावा नष्ट झाला असता.

महाराष्ट्रात खडकी येथील युद्धसमाधिभूमी या चर्चेचे दुसरे टोक दाखविते. पश्चिम व मध्य भारतातील ज्या थडग्यांची कायमची देखभाल शक्य नव्हती ती दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे एकत्र आणण्यात आली. १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी येथील दफनभूमीतून ६२९ सैनिकांचे अवशेष तेथे हलविण्यात आले. त्याच आवारातील दुसरे स्मारक पहिल्या महायुद्धकाळात हिंदुस्थानात मरण पावलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांचे आहे. त्यांची थडगी नागरी व छावणीच्या दफनभूमींत विखुरलेली असून ती नीट राखणे शक्य राहिले नाही, म्हणून नावे खडकीस आणली गेली. नाव वाचले, स्थळ, मूळ शिळा आणि तिच्यावरील कारागिराचा हात मागे राहिले. स्मरणाच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र खडकीची नावे वाचून थांबू नये; छावणीतील ती ओसाड जागाही पाहावी.

या देशातील अभ्यासकाला हा पेच परका नाही. गावाच्या वेशीवरील वीरगळाला शेंदूर व तेल चढते. त्या थरांखाली शिल्प दिसेनासे होते, पण त्या थरांमुळेच तो दगड फरशी म्हणून कोणाच्या अंगणात गेला नाही. तेथेही श्रद्धेने जपलेले आणि श्रद्धेने झाकलेले अशी एकाच वस्तूची दोन रूपे आहेत.

८

वरील विवेचनावरून काही नियम निष्पन्न होतात. पहिला नियम असा की, हात लावण्यापूर्वी नोंद करावी. शिळेचे स्थान, दिशा, मापे, दगडाची जात, भेगा आणि पूर्वीच्या दुरुस्तीच्या खुणा टिपाव्या. न वाचता येणाऱ्या अक्षरांवर खडू किंवा पीठ चोळू नये; आरशाने किंवा दिव्याने बाजूने तिरपा प्रकाश टाकला असता अक्षरे आपोआप उठून दिसतात. आज अनेक दिशांच्या प्रकाशात छायाचित्रे घेऊन ती संगणकाने एकत्र करण्याची सोय झाल्यामुळे छिन्नीचे कामच पुष्कळसे उरलेले नाही. पूर्वी वाचण्यासाठी कोरावे लागे. आता न कोरता वाचता येते.

दुसरा नियम सौम्यतेचा. दगड हलक्या हाताने ठोकून पाहावा. पोकळ आवाज आला किंवा पापुद्रे सुटत असले तर तो धुण्याचा विचार सोडून द्यावा. दगड सुदृढ असेल तर आधी स्वच्छ पाण्याने पूर्ण भिजवावा, मऊ केसांच्या ब्रशाने खालून वर धुवावा, म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत. खरवडण्यास लाकडी पट्टीपलीकडे काही वापरू नये. सांधे चुन्याने भरावे. तिसरा नियम १९६४ च्या व्हेनिस सनदेत सांगितलेला आहे. जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि नव्याने घातलेला भाग जुन्यापासून ओळखता आला पाहिजे. संपादित ग्रंथात संपादक आपली भर चौकटी कंसात घालतो. दगडावर असा कंस घालता येत नाही. म्हणून भर दगडावर न घालता कागदावर घालावी, हाच त्याचा व्यवहारातील अर्थ.

या नियमांनी रॉबर्ट पॅटर्सनला दोषी ठरविणे अन्यायाचे होईल. त्याच्यापाशी कॅमेरा नव्हता, त्याच्या पंथापाशी दप्तर नव्हते, आणि तो गप्प बसता तर नावेच गेली असती. त्याचे उणे एवढेच की, आपण कोठे काय कोरले हे त्याने लिहून ठेवले नाही. चाळीस वर्षांच्या त्या कामाची एक वही उपलब्ध असती तर स्कॉटलंडच्या माळावरील प्रत्येक शिळेचा पाठ आज निश्चित करता आला असता. आजच्या जीर्णोद्धारकापाशी ही सबब नाही. डनॉटरच्या शिळेने ज्यांची नावे मिळाली नाहीत त्यांच्यासाठी तसे लिहून ठेवले आणि ती जागा तशीच सोडली. झिजलेल्या अक्षरासमोर छिन्नी घेऊन उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने त्या शिळेचे हे वळण गिरवावे. जे वाचता येते ते जपावे, जे वाचता येत नाही ते तसे नोंदवावे, आणि दगडाला त्याने मुळात सांगितले त्याहून अधिक बोलावयास लावू नये.